मेरियनला गेलेला चौदा वर्षांचा बॉबी

नाव क्रिकेट क्लब, पण गर्दी गोल्फला. अमेरिकेत फिलाडेल्फियाजवळच्या मेरियन क्रिकेट क्लबवर १९१६ च्या सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय हौशी गोल्फ स्पर्धा भरली होती. पहिल्याच फेरीत एक विचित्र जोडी समोरासमोर आली. एकीकडे एबेन बायर्स. वय ३६, घरचा बक्कळ पैसा, दहा वर्षांपूर्वी हीच स्पर्धा जिंकलेला. दुसरीकडे पाच फूट चार इंच उंचीचा आणि जवळपास ७५ किलो वजनाचा एक गुबगुबीत पोरगा. वय वर्षं चौदा.

सामना काही फार थोर झाला नाही. दोघंही वाईट खेळत होते आणि दोघांनाही स्वतःचाच भयंकर राग येत होता. फटका चुकला की बायर्स हातातली स्टिक भिरकावायचा. फटका चुकला की पोरगाही भिरकावायचा. (गोल्फच्या स्टिकला खरं तर क्लब म्हणतात, पण खेळायची जागाही क्लबच, गोंधळ नको म्हणून आपण स्टिकच म्हणू.) एकदा तर बायर्सने स्टिक कुंपणाच्या झुडपांपलीकडे फेकली आणि कॅडीला ती आणायलाही जाऊ दिलं नाही. शेवटी पोरगा जिंकला. बायर्सच्या स्टिका आधी संपल्या म्हणून आपण जिंकलो, असं तो पुढे मोठेपणी गमतीने सांगायचा.

या पोराचं नाव रॉबर्ट टायर जोन्स, ज्युनियर. जग त्याला बॉबी जोन्स म्हणून ओळखतं.

आता तुम्ही म्हणाल, गोल्फ? आपला आणि गोल्फचा संबंध काय? बरोबर आहे. पुण्यात येरवड्याला गोल्फ क्लब चौकात सिग्नलला थांबल्यावर कुंपणापलीकडे जेवढं हिरवं दिसतं तेवढाच आपला गोल्फ. नाशिककरांचा तर त्याहून गंमतशीर, त्यांच्या गोल्फ क्लब मैदानावर रणजीचे सामने होतात. पण बॉबीची गोष्ट वाचायला गोल्फ यायला लागत नाही. ज्याने कधी रागाच्या भरात मोबाइल गादीवर आपटलाय (जमिनीवर नाही, तेवढी अक्कल रागातही शाबूत असते!) त्याला ही गोष्ट आपली वाटेल.

बॉबीचा जन्म १७ मार्च १९०२ चा, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अटलांटा शहरातला. लहानपणी तो सतत आजारी. पोटाचं असं काही दुखणं होतं की पाच वर्षांचा होईपर्यंत त्याला नीट घट्ट अन्नही पचत नव्हतं. वडील वकील. त्यांना तरुणपणी बेसबॉलमध्ये व्यावसायिक खेळाडू व्हायची संधी आली होती, पण आजोबा कडक धार्मिक वळणाचे. त्यांनी साफ नाही म्हटलं. बापाचं राहून गेलेलं हे खेळाचं वेड मुलाच्या कामी आलं. मुलाला मोकळी हवा मिळावी म्हणून जोन्स कुटुंब १९०७ च्या उन्हाळ्यात शहराबाहेर ईस्ट लेक नावाच्या क्लबाशेजारी भाड्याने राहायला गेलं. तिथे एकाने आपली जुनी स्टिक कापून छोटी करून या पोराला दिली आणि रस्त्यावर, गटाराच्या कडेने, त्याचा गोल्फ सुरू झाला. आपल्याकडे गल्लीत सुरू होतं तसंच.

ईस्ट लेकला स्टुअर्ट मेडन नावाचा एक अबोल स्कॉटिश प्रशिक्षक होता, कार्नूस्टी गावचा. बॉबीने त्याच्याकडून रीतसर एकही धडा घेतला नाही. तो नुसता मेडनच्या मागे मागे फिरायचा, तो फटका कसा मारतो ते बघायचा आणि घरी येऊन तसंच करायचा. नक्कल करण्यात तो भलताच तरबेज होता. क्लबातल्या मोठ्या माणसांच्या तऱ्हेवाईक स्विंगच्या नकला करून दाखवायला वडील त्याला पाहुण्यांसमोर उभं करायचे. जगातला सर्वांत देखणा म्हणून ज्या स्विंगची पुढे वर्णनं झाली, तो मुळात असा उचललेला होता.

आणखी एक व्यक्ती सांगायलाच हवी. अलेक्सा स्टर्लिंग. बॉबीहून थोडी मोठी, शेजारीच राहणारी. सहा वर्षांचा असताना बॉबीला मुलांच्या एका छोट्या स्पर्धेत पहिला कप मिळाला. इवलासा कप. पण ती स्पर्धा खरं तर अलेक्साने जिंकली होती. घरमालकीणबाईंना मुलगी मुलाला हरवते हे काही पटलं नाही आणि त्यांनी कप बॉबीच्या हातात दिला. अलेक्सा जिंकली होती हे बॉबीने पुढे स्वतःच कबूल केलं. आणि ही अलेक्सा कोण? १९१६ मध्येच अमेरिकेची राष्ट्रीय महिला हौशी स्पर्धा जिंकणारी. त्यानंतर युद्धामुळे दोन वर्षं स्पर्धा झाली नाही, मग १९१९ आणि १९२० ला पुन्हा तीच विजेती. तिच्यावर खरं तर वेगळं पान लिहायला हवं.

तर १९१६. त्या उन्हाळ्यात बॉबीने जॉर्जिया राज्याची स्पर्धा जिंकली, अंतिम सामन्यात आपला जिगरी दोस्त पेरी अडेअरला हरवून. मग पेरीच्या वडिलांनी दोन्ही पोरांना मेरियनला घेऊन जायचं ठरवलं. इथे एक लक्षात घ्या. त्या काळात अमेरिकेत किशोरवयीन मुलांसाठी वेगळी राष्ट्रीय स्पर्धा नव्हतीच. अंडर-१४, अंडर-१६, अंडर-१९ हे जे आपल्याला आज अगदी सहज वाटतं, ते गोल्फमध्ये नव्हतं. खेळायचं असेल तर थेट बाप्यांच्या स्पर्धेत. म्हणजे आठवीतल्या मुलाला उचलून एकदम विद्यापीठाच्या संघासमोर उभं करावं, तसं. बॉबी हा त्या स्पर्धेच्या इतिहासातला तोवरचा सर्वांत लहान खेळाडू होता.

दक्षिणेतल्या पोरांना उत्तरेतल्या मैदानांची सवय नव्हती. मेरियनच्या हिरवळी काचेसारख्या गुळगुळीत. सरावात एकदा बॉबीने होलच्या दिशेने चेंडू हलकेच ढकलला, तर तो होलच्या बाजूने निघून, हिरवळ ओलांडून सरळ पलीकडच्या ओढ्यात जाऊन पडला. पण पात्रता फेरीच्या सकाळी पोराने ७४ फटक्यांत १८ होल संपवले आणि त्या वेळी सगळ्यांत पुढे गेला. गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं. बातमी पसरली. दुपारी दुसऱ्या कोर्सवर या बाळाला बघायला ही गर्दी जमली. एवढ्या लोकांसमोर खेळायची सवय नसलेल्या बॉबीने मग ८९ फटके घेतले. सकाळी ७४, दुपारी ८९. तोंडी परीक्षेत समोर बाहेरचे एक्झामिनर बघून काय होतं, ते आपल्याला माहीत आहेच.

तरी तो पात्र ठरला. पुढचे सामने एकास एक, ३६ होलचे. यात एकूण फटके मोजत नाहीत. प्रत्येक होल कोण जिंकतो ते बघतात. उरलेल्या होलपेक्षा आघाडी जास्त झाली की सामना तिथेच संपतो. बायर्सला हरवल्यावर दुसऱ्या फेरीत फ्रँक डायर. पहिल्या सहा होलमध्येच बॉबी पाचने मागे पडला. आणि तिथून त्याने सामना फिरवला आणि जिंकला, दोन होल बाकी ठेवून.

तिसऱ्या फेरीत समोर आला गतविजेता रॉबर्ट गार्डनर. हा माणूसही अफाट. १९१२ मध्ये बांबूउडीत १३ फूट पार करणारा जगातला पहिला माणूस. बॉबी त्याच्याशी बराच वेळ बरोबरीने झुंजला. पण दुपारच्या सत्रात लागोपाठ तीन होलांवर असं झालं, की बॉबीचा चेंडू मस्त जागी आणि गार्डनरचा कुठेतरी भलतीकडे. प्रत्येक वेळी वाटावं, हा होल पोराचाच. आणि प्रत्येक वेळी गार्डनरने अशक्य जागेवरून चेंडू होलजवळ आणून ठेवावा. तीनदा. तिसऱ्यांदा बॉबीच्या आतलं काहीतरी सुटलं. आपल्यावर अन्याय होतोय असं त्याला वाटायला लागलं आणि मग त्याने उरलेला सामना जवळजवळ सोडूनच दिला. तीन होल शिल्लक असताना तो पाचने हरला.

वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतलं. खेळ असा, वय इतकं. फक्त तो रागाचा काय तो प्रकार आवरायला हवा, असं जाणकारांनी लिहून ठेवलं.

बाय द वे, त्या बायर्सचं पुढे काय झालं ते भयानक आहे आणि सायन्सवाल्यांनी जरूर वाचावं. १९२७ मध्ये हाताच्या दुखापतीवर म्हणून डॉक्टरने त्याला रॅडिथॉर नावाचं एक बाटलीबंद टॉनिक दिलं. त्यात पाणी होतं आणि पाण्यात रेडियम. तेव्हा रेडियम म्हणजे ताकदीचं औषध, अशी हवा होती. बायर्सने बाटल्यांवर बाटल्या रिचवल्या. त्याच्या जबड्याची हाडं झिजून गेली आणि १९३२ मध्ये तो गेला. या मृत्यूनंतर अमेरिकेत अशा किरणोत्सारी औषधांवर सरकारचा बडगा आला. असो, बॉबीकडे परत येऊ.

सात वर्षांचा दुष्काळ

कथा सरळ असती तर पुढच्या वर्षी बॉबी जिंकला असता. पण पुढची सात वर्षं तो एकही मोठी स्पर्धा जिंकला नाही. सात! दरवर्षी पेपरवाले म्हणायचे, यंदा हाच. दरवर्षी कुणीतरी दुसराच.

पहिल्या महायुद्धाच्या काळात अलेक्सा, पेरी आणि तो रेड क्रॉसच्या मदतनिधीसाठी गावोगाव प्रदर्शनीय सामने खेळत होते. बोस्टनजवळ अशाच एका सामन्यात बॉबीचं डोकं फिरलं आणि त्याने सगळ्यांदेखत स्टिक फेकली. अलेक्सा शरमेने लाल झाली. युद्धासाठी पैसे जमवायला आलेल्या लोकांसमोर हा तमाशा! ती आपल्यामुळे खाली बघत होती, ही गोष्ट त्याला नंतर फार लागली. पण लागली म्हणून राग लगेच गेला असं काही नाही.

१९१९ ला तो राष्ट्रीय हौशी स्पर्धेच्या अंतिम फेरीत हरला. १९२१ मध्ये तो पहिल्यांदा स्कॉटलंडला, सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर ब्रिटिश ओपन खेळायला गेला. गोल्फची पंढरीच ती. तिसऱ्या फेरीत पहिल्या नऊ होलना ४६ फटके गेले. दहाव्याला सहा. अकराव्या होलवर चेंडू वाळूच्या खोल खड्ड्यात गेला, एक फटका मारला, दुसरा मारला, चेंडू निघता निघेना. शेवटी त्याने चेंडू उचलला आणि स्पर्धा सोडून दिली. गोल्फमध्ये हे म्हणजे परीक्षेत उत्तरपत्रिका पर्यवेक्षकाच्या टेबलावर टाकून निघून जाण्यासारखं. तेही कुठे, तर गोल्फच्या जन्मगावी.

त्याच वर्षी अमेरिकेत सेंट लुईसला हद्दच झाली. हौशी स्पर्धेत एक फटका बिघडला म्हणून त्याने फेकलेली स्टिक जमिनीवर आपटून उडाली आणि बघायला आलेल्या एका बाईच्या पायाला लागली. इजा मोठी नव्हती. पण अमेरिकन गोल्फ संघटनेने त्याला पत्र पाठवून सरळ ताकीद दिली: राग आवर, नाहीतर आमच्या स्पर्धांत खेळू देणार नाही. वय एकोणीस.

इथे मला बॉबीबद्दल एक गोष्ट फार आवडते. त्याचं मत असं होऊन बसलं होतं की आपण समोरच्या माणसाशी खेळतोय. मेरियनला गार्डनरचे ते तीन चमत्कार त्याला सहन झाले नाहीत, कारण तो गार्डनरकडे बघत होता. हळूहळू त्याने दुसरीकडे बघायला सुरुवात केली. प्रत्येक होलला ठरावीक फटके असतात, त्याला पार म्हणतात. समोर कोण आहे, तो काय करतोय, सोडून द्यायचं. आपलं भांडण फक्त त्या पारशी. पार कधी चमत्कार करत नाही आणि कधी गडबडतही नाही. डोक्यातली एवढी एक खुर्ची त्याने बदलली आणि खेळ बदलला. अर्थात हे लिहायला दोन ओळी लागतात, त्याला पाच-सहा वर्षं लागली.

कॉलेज, कॉलेज, पुन्हा कॉलेज

या सगळ्या काळात बॉबी करत काय होता? शिकत होता! १९२२ मध्ये त्याने जॉर्जिया टेकमधून मेकॅनिकल इंजिनीअरिंगची पदवी घेतली. मग (हे वाचून काही घरांत भांडणं होतील) तो हार्वर्डला इंग्रजी साहित्य शिकायला गेला. बीई मेकॅनिकलनंतर बीए लिटरेचर. १९२४ मध्ये तीही पदवी झाली. हार्वर्डमध्ये त्याला कॉलेजच्या गोल्फ संघात घेता येईना, कारण आधीच्या कॉलेजकडून तो खेळून झाला होता. मग देशातला सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक असलेला हा मुलगा संघाचा असिस्टंट मॅनेजर झाला. सामान बघायला! नंतर एमरी विद्यापीठात कायद्याला प्रवेश घेतला, तीन सेमिस्टर झाल्यावर वकिलीची परीक्षा देऊन बघितली, पास झाला, मग कॉलेज सोडून वडिलांबरोबर वकिली सुरू केली.

गोल्फ त्याने कधीच नोकरी म्हणून खेळला नाही. हौशी म्हणजे हौशी. बक्षिसाचे पैसे घ्यायचे नाहीत. १९२० च्या दशकाच्या शेवटी अटलांटातल्या चाहत्यांनी घर घेण्यासाठी त्याला ५० हजार डॉलर देऊ केले, तर ते हौशी नियमांत बसत नाही म्हटल्यावर त्याने तेही परत केले. वर्षातले थोडेच महिने तो स्पर्धा खेळायचा, बाकी वेळ पुस्तकं, कोर्ट, घर. हे ऐकायला छान वाटतं, पण एक खरं आहे की वकील बापाचा आणि उद्योजक आजोबांचा आधार असल्याशिवाय असं हौशी राहणं परवडत नाही. त्याच काळातले व्यावसायिक गोल्फर बहुतेक कॅडी म्हणून सुरुवात केलेले, गरीब घरचे. त्यांच्यासाठी बक्षिसाची रक्कम म्हणजे घरभाडं होतं.

१९२३ च्या जुलैमध्ये दुष्काळ संपला, आणि तोही सहजासहजी नाही. न्यूयॉर्कजवळच्या इनवूड कोर्सवर यूएस ओपन. शेवटच्या तीन होलांवर बॉबीने हातातली आघाडी अशी घालवली की बॉबी क्रुकशँक नावाच्या स्कॉटिश खेळाडूने त्याला गाठलं. दुसऱ्या दिवशी दोघांत १८ होलचा निर्णायक सामना. सतरा होल संपले तरी बरोबरीच. अठराव्याला जोन्सचा चेंडू कडेच्या उघड्या मातीत, होल दोनशे यार्डांच्या आसपास लांब, आणि मधे पाणी. सुरक्षित खेळून पाण्याच्या अलीकडे थांबता आलं असतं. तो थांबला नाही, फार विचारही केला नाही. स्टिक काढली आणि मारला. चेंडू पाणी ओलांडून होलपासून काही फुटांवर येऊन थांबला. सात वर्षं आणि एक फटका.

त्यानंतर मात्र धरण फुटलं. १९२४ ची हौशी स्पर्धा मेरियनलाच होती. आठ वर्षांपूर्वी जिथे तो रडकुंडीला आला होता, तिथेच त्याने पहिल्यांदा हे विजेतेपद घेतलं. १९२५ ला पुन्हा. १९२६ ला एकाच वर्षात ब्रिटिश आणि अमेरिकन अशी दोन्ही ओपन. १९२७ ला तो सेंट अँड्र्यूजला परत गेला, जिथून सहा वर्षांपूर्वी तोंड लपवून आला होता. या वेळी जिंकला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि त्याने तो कप तिथेच, सेंट अँड्र्यूजच्या लोकांकडे ठेवायला दिला. गावाने १९२१ विसरून टाकलं.

१९२५ च्या यूएस ओपनमधला एक प्रसंग मात्र जिंकण्याचा नाही, हरण्याचा आहे. मॅसॅच्युसेट्समधलं वुस्टर. पहिल्याच फेरीत अकराव्या होलला चेंडू उंच गवतात होता. बॉबीने फटक्यासाठी स्टिक मागे ठेवली आणि चेंडू किंचित हलला. कुणीही पाहिलं नाही. सोबतच्या खेळाडूने नाही, पंचांनी नाही, प्रेक्षकांनी नाही. बॉबीने स्वतःच सांगितलं, माझ्यामुळे हलला, एक फटका दंड लावा. अधिकाऱ्यांनी विचारपूस केली. कुणालाच काही दिसलं नव्हतं, त्यामुळे निर्णय त्याच्यावरच सोपवला. त्याने दंड लावून घेतला. स्पर्धा संपली तेव्हा तो आणि विली मॅकफार्लेन बरोबरीत होते. तो एक फटका नसता तर कप त्याचा. दोघे निर्णायक १८ होल खेळले, पुन्हा बरोबरी. पुन्हा १८ खेळले. बॉबी एका फटक्याने हरला. नंतर लोक या प्रामाणिकपणाचं कौतुक करायला लागले की तो वैतागायचा. चोरी केली नाही म्हणून कुणी शाबासकी देतं का, असा त्याचा सूर असायचा. चार वर्षांपूर्वी बाईच्या पायाला स्टिक लागली होती तो हाच मुलगा.

१९३०

या वर्षाबद्दल पुस्तकंच्या पुस्तकं आहेत, त्यामुळे आपण भरभर जाऊ. तेव्हा चार स्पर्धा सर्वांत मोठ्या मानल्या जायच्या: ब्रिटिश हौशी, ब्रिटिश ओपन, यूएस ओपन, यूएस हौशी. एका वर्षात चारही जिंकणं कुणाच्या डोक्यातही नव्हतं. बॉबीच्या होतं, पण त्याने ते फारसं कुणाला बोलून दाखवलं नाही.

मे महिन्यात सेंट अँड्र्यूजला ब्रिटिश हौशी, त्याच्याकडे नसलेली एकमेव. जूनमध्ये हॉयलेकला ब्रिटिश ओपन. तिथे शेवटच्या फेरीत आठव्या होलला हिरवळीच्या अगदी कडेपासून पाच फटके घालवून त्याने स्वतःच्याच पोटात गोळा आणला, तरी जिंकला. जुलैमध्ये मिनेसोटात इंटरलॅकनला यूएस ओपन, भट्टीसारख्या उन्हात. एका फेरीनंतर त्याचा टाय घामाने भिजून असा घट्ट बसला की गाठ सुटेना. त्याच्यासोबत कायम फिरणारा पत्रकार ओ. बी. कीलर, त्याने शेवटी तो कापून काढला. जग तेव्हा मंदीत बुडत होतं. आदल्या वर्षीच शेअर बाजार कोसळला होता, लोकांच्या नोकऱ्या जात होत्या, आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर मात्र एका गोल्फरवर कागदाच्या पट्ट्यांचा पाऊस पडत होता. लोकांना तेव्हा बघायला काहीतरी चांगलं हवं होतं.

चौथी स्पर्धा सप्टेंबरमध्ये. कुठे? मेरियनला.

चौदा वर्षांपूर्वी चौदा वर्षांचा होता, आता अठ्ठावीसचा. गर्दी इतकी की त्याला सांभाळायला मरीन सैनिकांचं कडं करावं लागलं. २७ सप्टेंबर १९३० रोजी अंतिम सामना, समोर यूजीन होमन्स. सामना एकतर्फीच झाला. अकराव्या होलच्या हिरवळीवर, ओढ्याच्या काठी तो संपला. आठची आघाडी, सात होल शिल्लक. तिथे आज एक पाटी आहे.

आणि दोनच महिन्यांत, १९३० च्या नोव्हेंबरमध्ये, त्याने स्पर्धात्मक गोल्फ सोडला. अठ्ठावीसाव्या वर्षी! लोकांना कळेना. पण आतून तो पोखरला गेला होता. प्रत्येक मोठ्या स्पर्धेत त्याचं काही किलो वजन उतरायचं. जेवण जायचं नाही, झोप यायची नाही. बाहेरून शांत दिसायला शिकलेला माणूस ती आग आत गिळत होता. मला वाटतं, राग गेला असं आपण म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा असाच पत्ता बदलून राहायला गेलेला असतो.

नंतर त्याने हॉलिवूडसाठी गोल्फ शिकवणाऱ्या छोट्या फिल्म्स केल्या, हौशीपणा रीतसर सोडून दिला, वकिली केली. क्लिफर्ड रॉबर्ट्सबरोबर ऑगस्टा नॅशनल हा क्लब उभा केला. तिथे १९३४ पासून जी स्पर्धा होते तिला आपण मास्टर्स म्हणतो. दुसऱ्या महायुद्धात चाळिशी गाठलेला असूनही त्याने सैन्यात जायचा हट्ट धरला आणि तो नॉर्मंडीला उतरला.

ऑगस्टाबद्दल मात्र एक बाजू गाळता येणार नाही. त्या क्लबात कॅडी कृष्णवर्णीय आणि सभासद गोरे, असा रिवाज होता. चार्ली सिफर्डसारखा कृष्णवर्णीय खेळाडू व्यावसायिक स्पर्धा जिंकूनही मास्टर्सचं बोलावणं त्याला कधी आलं नाही. तिथे पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, ली एल्डर, खेळला तो १९७५ मध्ये. पहिला कृष्णवर्णीय सभासद झाला १९९० मध्ये. न हललेल्या चेंडूसारख्या दिसणाऱ्या चेंडूबद्दलही जो माणूस स्वतःहून बोलला, तो याबद्दल जाहीरपणे काही बोलल्याचं दिसत नाही. काळ तसा होता, दक्षिण तशी होती, हे सगळं खरं. तरी खटकतं.

१९४८. या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. उन्हाळ्यात, ईस्ट लेकला, जिथे कापलेल्या स्टिकने सुरुवात झाली होती तिथेच, बॉबी जोन्स आयुष्यातला शेवटचा गोल्फ खेळला. मान, पाठ, हात दुखत होते, पाय ओढला जात होता. शस्त्रक्रिया झाल्या. निदान बऱ्याच वर्षांनी झालं: सिरिंगोमायेलिया. यात मज्जारज्जूच्या आत पोकळी तयार होऊन तिच्यात द्रव साठतो आणि नसा हळूहळू निकामी होतात. आधी काठी, मग पायांना पट्ट्या, मग व्हीलचेअर.

आणि त्याच वर्षी अमेरिकन गोल्फ संघटनेने अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पहिली राष्ट्रीय ज्युनियर हौशी स्पर्धा भरवली, मिशिगन विद्यापीठाच्या कोर्सवर. डीन लिंड नावाच्या मुलाने अंतिम सामन्यात केन व्हेंचुरीला हरवलं. हा व्हेंचुरी पुढे १९६४ चा यूएस ओपन विजेता झाला. टायगर वूड्सने हीच स्पर्धा १९९१, ९२ आणि ९३ अशी सलग तीनदा जिंकली. म्हणजे १९१६ मध्ये जे नव्हतं ते आता होतं. चौदा वर्षांच्या मुलाला त्याच्या वयाच्या मुलांसमोर हरता येणार होतं.

पण मोठ्यांच्या स्पर्धेत घुसणारी पोरं थांबली नाहीत. १९५५ मध्ये व्हर्जिनियात राष्ट्रीय हौशी स्पर्धेला पाहुणा म्हणून बॉबी आला होता. तिथे सरावात त्याला ओहायोचा एक पंधरा वर्षांचा दणकट मुलगा दिसला. मुलाचे वडील बॉबीचे कट्टर चाहते. उद्या तुझा खेळ बघायला येतो, असं बॉबीने त्याला सांगितलं. मुलगा पहिल्या फेरीत छान पुढे होता. तेवढ्यात अकराव्या होलजवळ गाडीत बसून बॉबी जोन्स आला. झालं. मुलाचे हातपाय गार पडले. एक होल गेला, दुसरा गेला. बॉबीच्या लक्षात आलं, हे आपल्यामुळे होतंय. गर्दी बघून ७४ चे ८९ कसे होतात ते त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? तो मुकाट्याने तिथून निघून गेला. मुलगा पुन्हा बरोबरीत आला, पण शेवटच्या होलवर हरला. ज्याने हरवलं त्याचं नाव बॉब गार्डनर! १९१६ चा गार्डनर नव्हे, नावाचा योगायोग. मुलाचं नाव जॅक निकलॉस. ज्युनियर स्पर्धा त्याला कधीच जिंकता आली नाही. मोठ्यांची हौशी स्पर्धा मात्र त्याने १९५९ आणि १९६१ ला जिंकली, आणि पुढे अठरा व्यावसायिक मेजर्स.

१९५८ मध्ये सेंट अँड्र्यूज गावाने बॉबीला आपलं नागरिकत्व बहाल केलं. बेंजामिन फ्रँकलिननंतर हा मान मिळालेला तो पहिला अमेरिकन, आणि फ्रँकलिनला मिळाला होता १७५९ मध्ये. बॉबीला तोवर धड उभंही राहता येत नव्हतं. तरी तो कुबड्यांशिवाय व्यासपीठाच्या टेबलाला धरून उभा राहिला, कागद न बघता बोलला. निघताना सभागृहातल्या लोकांनी निरोपाचं जुनं स्कॉटिश गाणं म्हटलं. बऱ्याच जणांना ते पूर्ण करता आलं नाही.

१८ डिसेंबर १९७१ रोजी अटलांटात तो गेला, एकोणसत्तराव्या वर्षी. पुढे सेंट अँड्र्यूजने ओल्ड कोर्सच्या दहाव्या होलला त्याचं नाव दिलं. १९२१ मध्ये त्याने सहा फटके घालवले होते तो हाच. तिथून पुढे चालत गेलं की अकरावा होल लागतो, आणि तो वाळूचा खड्डा अजून तिथेच आहे.